सांगणारा गावचा, विचारणारा कोण?

बीड जिल्ह्यातल्या माणसाला आपली हकीकत सांगायची सवय आहे, कारण ती त्याला आयुष्यभर विचारली जाते. तलाठी पंचनाम्यासाठी विचारतो, बँक कर्जासाठी, तहसील अनुदानासाठी. घरात कुणी जीव दिला तर चौकशी समिती येते. आरोग्य खातं सर्वेक्षणाला येतं, पुण्या-मुंबईची संस्था अहवालासाठी येते, वार्ताहर बातमीसाठी येतो. २०११च्या जनगणनेत २५ लाख ८५ हजार लोकसंख्या असलेल्या या जिल्ह्यातल्या दोन-तीन पिढ्यांचं जगणं असं तुकड्या-तुकड्यानं कुठल्या ना कुठल्या फायलीत जाऊन पडलं आहे. पण अंबाजोगाईच्या मोंढ्यात उभी हयात पोती वाहिलेला हमाल, परळीच्या औष्णिक केंद्रात जमीन गेलेला शेतकरी, बीडच्या जुन्या गावात पाण्याच्या छागली शिवणाऱ्या घरातला म्हातारा, धारूरच्या डोंगरातल्या तांड्यावरची सुईण, यांचं आयुष्य सलग, त्यांच्या तोंडच्या भाषेत आणि त्यांना हव्या त्या क्रमानं कुठे नोंदलं आहे का, हे शोधायला लागलं की हाताला फार थोडं लागतं.

छोट्या गावांतल्या साध्या माणसांच्या जीवनकथा नोंदवण्याचं काम जगभर चाललं आहे आणि महाराष्ट्रातही झालं आहे. बीडच्या वाट्याला त्यातलं काय आलं, काय आलं नाही आणि जे आलं ते कोणत्या दारानं आलं, हे इथे पाहायचं आहे. विचारणारा ज्या कामासाठी येतो, त्या कामापुरतीच कहाणी तो घेऊन जातो, आणि सांगणाराही हळूहळू तेवढंच सांगायला शिकतो, असं माझं मत आहे. बीडइतकं ते क्वचितच कुठे स्पष्ट दिसत असेल.

निजामाच्या राजवटीपासूनच सुरुवात करावी लागते. ज्यांना ती राजवट कळत्या वयात पाहिल्याचं आठवतं अशी माणसं आता नव्वदीच्या घरात आहेत आणि बोटावर मोजण्याइतकी उरली आहेत. त्यांच्या बोलण्यात निजामाचा हाली रुपया आणि इंग्रजांचा कलदार वेगवेगळे असतात. सक्तीनं धान्य उचलून नेणारी लेव्ही असते, उर्दू शाळा असते. अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणणारे त्यांच्यातच सापडतात. स्वामी रामानंद तीर्थ १९३५ साली याच मोमिनाबादेत योगेश्वरी शाळेत आले आणि तिथून पुढे हैदराबाद संस्थानाच्या मुक्तिलढ्याचं नेतृत्व करायला गेले. त्यांनी आठवणी लिहिल्या, त्या इंग्रजीत. ‘मराठवाडा’ दैनिकाचे संपादक अनंत भालेराव यांनी ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा ग्रंथ लिहिला. आजही या विषयावर बोलायचं तर तो उघडावाच लागतो. नेते, सत्याग्रह, तुरुंग, सरहद्दीवरचे कॅम्प हे सगळं त्यामुळे टिकलं. कॅम्पात भाकरी पोचवणाऱ्या बाईचं नाव मात्र बहुतेक ठिकाणी ‘एक महिला’ एवढंच राहिलं. याच निजामी राज्याच्या दुसऱ्या टोकाला, तेलंगणात, हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेनं तिथल्या सशस्त्र लढ्यातल्या बायकांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यांचं पुस्तक केलं. लढा एका राज्यातला, निजाम तोच, पण तिकडच्या बाया स्वतःच्या आवाजात बोलल्या. आपल्याकडे याच लढ्यातल्या दगडाबाई शेळक्यांचं नाव मुक्तिदिनाच्या भाषणात येतं आणि भाषणापुरतंच राहतं.

त्यानंतर पेन्शन आली. स्वातंत्र्यसैनिकांसाठी केंद्राची योजना १९७२ साली सुरू झाली, राज्याचीही होती, आणि पुढे हैदराबाद लढ्यातल्या सरहद्दीवरच्या कॅम्पात राहिलेल्यांनाही तिचा लाभ मिळू लागला. त्यासाठी प्रतिज्ञापत्र लागे, सोबतच्या सैनिकाची शिफारस लागे, भूमिगत असल्याचा पुरावा लागे. म्हणजे हजारो माणसांनी आपल्या तरुणपणाची गोष्ट स्टॅम्प पेपरवर लिहून दिली. एखाद्या जिल्ह्याचा मौखिक इतिहास याहून मोठ्या प्रमाणावर गोळा होणं अवघड. पण झालं असं की सगळ्या गोष्टी एकाच साच्याच्या निघाल्या: अमुक कॅम्प, अमुक नेता, करोडगिरी नाका जाळला, शिंदीची झाडं तोडली, रझाकारांनी घर लुटलं. खऱ्या सैनिकाची गोष्ट त्या साच्यात बसवली गेली आणि ज्यानं काहीच केलं नव्हतं त्याच्या हाती साचा तयार मिळाला. बीड जिल्ह्यातल्या बनावट स्वातंत्र्यसैनिकांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, न्यायमूर्ती पालकर आयोगानं चौकशी केली. वर्तमानपत्रांनी या प्रकरणाकडे पैशाचा गैरव्यवहार म्हणून पाहिलं, ते बरोबरच होतं. माझ्या दृष्टीनं त्यातलं दुसरं नुकसान जास्त मोठं आहे. त्यानंतर बीडमध्ये कुणी म्हातारा ‘आम्ही त्या वक्ताला कॅम्पात व्हतो’ म्हणाला की ऐकणारा मनातल्या मनात पुरावा मागू लागला. खऱ्या आठवणीवरचा विश्वास उडाला आणि पुष्कळांनी बोलणंच सोडलं.

निजामाची राजवट संपली त्या सप्टेंबरची दुसरी बाजू तर अर्जातसुद्धा आली नाही. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत हैदराबाद संस्थानावर पोलीस ॲक्शन झाली. रझाकारांनी आधी गावोगाव केलेल्या अत्याचारांच्या आठवणी जिल्ह्यात आहेत आणि त्या खऱ्या आहेत. कारवाईच्या वेळी आणि नंतरच्या आठवड्यांत मुसलमानांवर जे गुदरलं, तेही तितकंच खरं आहे. भारत सरकारनंच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं वर्षाअखेरीस संस्थानात फिरून अहवाल दिला. कमीत कमी २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, असा तिचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे सर्वाधिक होरपळलेले जिल्हे, आणि त्यांच्या खालोखाल ज्यांची नावं आहेत त्यांत भीर, म्हणजे बीड आहे. हा अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवला गेला. २०१३ साली ए. जी. नूराणी यांच्या हैदराबादवरच्या पुस्तकात तो छापला गेला, तोपर्यंत ते सगळं अनुभवलेली पिढी जवळपास संपली होती. बीड, गेवराई, माजलगावच्या जुन्या मोहल्ल्यांमध्ये या गोष्टी घरात, दखनीत, दार लावून सांगितल्या गेल्या. त्या ऐकलेली मुलं आज सत्तरीची आहेत. इथे रेकॉर्डर काढून थेट विचारणारा माणूस कितीही सद्भावनेनं आला तरी त्याला ‘कुछ नई, सब ठीक था’ हेच उत्तर मिळणार. त्यासाठी आधी वर्षभर नुसतं चहाला जाऊन बसावं लागतं, आणि शक्यतो त्याच मोहल्ल्यातल्या मुलानं किंवा मुलीनं विचारावं लागतं.

हा अनुभव एकट्या बीडचा नाही. अमेरिकेत मंदीच्या काळात, १९३६ ते १९३८ या वर्षांत, सरकारी लेखक प्रकल्पातल्या माणसांनी दक्षिणेकडच्या राज्यांत फिरून एकेकाळी गुलाम असलेल्या २,३०० हून अधिक वृद्धांच्या कहाण्या लिहून घेतल्या. त्याच प्रकल्पातून १९३९ साली कौच यांच्या संपादनाखाली दक्षिणेतल्या गिरणी कामगारांच्या आणि कुळांच्या जीवनकथांचं पुस्तक निघालं. अमेरिकेला आपल्या छोट्या गावांचा आवाज प्रथम तिथे ऐकू आला. पण पुढच्या अभ्यासकांच्या लक्षात आलं की विचारणारे बहुतेक गोरे होते, सांगणारे काळे, म्हातारे आणि दरिद्री होते, आणि त्यांच्यातल्या अनेकांना वाटत होतं की हा सरकारी माणूस आहे, याला नीट बोललं तर पेन्शन मिळेल. त्यामुळे कित्येकांनी जुन्या मालकाबद्दल चांगलंच सांगितलं. जिथे विचारणारी व्यक्ती काळी होती तिथे पुष्कळदा सूर बदलला. शिरूर कासार किंवा पाटोद्याच्या एखाद्या वाडीवर वही घेऊन गेलेल्याला आजही पहिला प्रश्न येतो, ‘भाऊ, कोणत्या योजनेचं हाय?’ एवढ्या अंतरावरच्या दोन जगांत माणसाची अक्कल सारखीच चालते. जो लिहून घेतो त्याच्या हातात काहीतरी देण्याची ताकद असते, हे दोन्हीकडच्या गरिबांना अनुभवानं ठाऊक आहे.

हा पेच बीडमध्येच एकदा फार सुंदर सुटला होता. जात्यानं तो सोडवला.

गी पॉयटवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून १९८०च्या दशकात जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. सुरुवात मुळशी-मावळच्या डोंगरी गावांतून, गरीब डोंगरी संघटनेच्या कामातून झाली. पुढे ते काम हजाराहून अधिक गावांत पसरलं आणि एक लाखाहून जास्त ओव्या उतरवल्या गेल्या. संगीताचे अभ्यासक बर्नार्ड बेल यांनी नव्वदच्या दशकात त्यातल्या कितीतरी ध्वनिमुद्रित केल्या. पॉयटवँ २००४ साली गेले, राईरकर २०१० साली. पी. साईनाथ यांच्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहानं २०१७ पासून या ओव्या आवाजासकट, गाणारणीच्या नावागावासकट लोकांसमोर आणल्या. त्यात माजलगावच्या भीमनगरातल्या बाया आहेत. १९९६च्या एप्रिलमध्ये त्यांनी गायलेल्या ओव्यांचा मोठा भाग बाबासाहेबांवरचा आहे.

या ओव्यांना कुणी प्रश्न विचारला नव्हता. दळण दळताना पहाटे बाई स्वतःशी आणि शेजारणीशी जे बोलत होती, तेच ती गाते. आई, भाऊ, सासर, लेक, दुष्काळ, पंढरी हे त्यात ओघानं येतं. माजलगावच्या बायांनी त्याच चालीत भीमाला बसवलं, रमाईला बसवलं, शाळेत जाणाऱ्या लेकाला बसवलं. आपल्या आयुष्यात काय महत्त्वाचं घडलं हे तिनं स्वतः ठरवलं. तिला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, ‘आमचं काय, आम्ही अडाणी.’ ओवीत ती अडाणी नाही. जीवनकथा नोंदवणाऱ्याला यातून फार मोठं शिकायला मिळतं: सांगणाऱ्याच्या घरी आधीच जे सांगण्याचं साधन असेल, ओवी असेल, भारूड असेल, हरिनाम सप्ताहातली गप्पांची रात्र असेल, तांड्यावरचं लग्नातलं गाणं असेल, तिथे बसावं. प्रश्नावली नंतर काढावी, आणि शक्य तर काढूच नये. गिरणी आली, जाती परड्यात पडली, आणि ज्यांना दहा-वीस ओव्या अजून तोंडपाठ आहेत त्या बाया आता सत्तरीपलीकडे आहेत.

आपल्याकडे याहून कितीतरी जुना दाखलाही आहे, आणि तो याच गोदावरीच्या खोऱ्यातला आहे. चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करताना म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस ज्यांनी स्वामींना पाहिलं-ऐकलं होतं त्यांच्याकडे जाऊन विचारलं, आणि दोघांच्या सांगण्यात फरक आला तर तोही गाळला नाही. कोण काय म्हणालं हे राखून ठेवण्याची ही रीत आजच्या मौखिक इतिहासाच्या वर्गांत परदेशी पुस्तकांतून शिकवली जाते. म्हाइंभटांचं ‘लीळाचरित्र’ त्या वर्गात पहिल्या दिवशी वाचायला हवं.

लिहिण्याच्या वाटेनं मराठवाड्यातला दलित समाज सगळ्यात पुढे गेला, हे निःशंक सांगता येतं. १९५० साली औरंगाबादला बाबासाहेबांनी काढलेल्या कॉलेजात, नंतरच्या मिलिंदमध्ये, बीड, परभणी, नांदेडच्या खेड्यांतली पोरं शिकली. गंगाधर पानतावण्यांच्या ‘अस्मितादर्श’नं त्यांना छापलं. १९७८ साली दया पवारांचं ‘बलुतं’ आलं आणि लगोलग प्र. ई. सोनकांबळे यांचं ‘आठवणींचे पक्षी’. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या बायकांना गाठून, त्यांच्या मुलाखती घेऊन १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ केलं. बीडचं स्वतःचं मोठं पुस्तक म्हणजे एकनाथ आवाड यांचं ‘जग बदल घालुनी घाव’. पोतराजाच्या घरात जन्मलेला मांगाचा मुलगा, मानवी हक्क अभियान, गायरानासाठी मोर्चे, मारहाण, कोर्टकचेऱ्या हे सगळं त्यात आहे. जेरी पिंटो यांनी ते इंग्रजीत नेलं. आवाड २०१५ साली गेले. एका कार्यकर्त्याचं आयुष्य वाचताना जिल्ह्यातल्या दोन पिढ्यांची जमीन, जात आणि भूक एकत्र दिसते. पण आत्मचरित्र लिहायला लिहिता यावं लागतं, वेळ लागतो, आणि आपण लिहिण्याजोगे आहोत हा विश्वास लागतो. आवाडांबरोबर मोर्च्यात चाललेल्या, गायरानात पहिल्यांदा पाभर धरलेल्या शेकडो बायांपाशी यातलं काहीच नव्हतं. त्यांच्यासाठी मुलाखतीचीच वाट आहे. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर १९७८च्या जुलै-ऑगस्टमध्ये ज्यांची घरं जळाली आणि जे पुन्हा गावाकडे फिरकले नाहीत, त्यांच्याबद्दलही हेच. त्यांची मुलं आज पुण्यात, मुंबईत, ठाण्यात आहेत, आणि त्यांच्याशी बोलल्याशिवाय बीडच्या गावांचा इतिहास अर्धाच राहतो.

ऊसतोडीकडे येताना लिहिणाऱ्याला थोडं थांबावं लागतं, कारण इथे सामग्री अफाट आहे आणि तिच्यातला दोषही तितकाच मोठा आहे. बीड, पाटोदा, आष्टी, शिरूर, धारूर, केज, वडवणी या तालुक्यांतून दसरा-दिवाळी झाली की काही लाख माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. १९७२च्या दुष्काळानं हा रस्ता रुंद केला. मुकादम आधी उचल देतो, ती उचल नवरा-बायकोच्या जोडीला मिळून असते आणि त्या जोडीला एक ‘कोयता’ म्हणतात. बाई एकटी असली, विधवा असली, तर ती अर्धा कोयता. कुणी बैलगाडीनं ऊस वाहायच्या गाडी सेंटरला असतं, कुणी मोळ्या डोक्यावरून ट्रकवर चढवायच्या डोकी सेंटरला. पहाटे तीनला उठायचं, थंडीत पाचटावरून चालत फडात शिरायचं, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून ट्रकवर चढवायच्या, आणि ट्रक रात्री बाराला आला तर रात्री बाराला भरायचा. एक दिवस फडात गेलं नाही की खाडा पडतो, आणि तो उचलीतून कापला जातो. उसाचं वाढं विकून आलेले चार पैसे तेवढे बाईच्या हातात राहतात. पाडव्याच्या सुमाराला हिशेब होतो. फिटलं नाही तर राहिलेलं पुढच्या सालावर चढतं.

या जगण्यावर सगळ्यात जास्त प्रश्न विचारले गेले ते २०१९ साली. गर्भपिशवी काढून टाकलेल्या ऊसतोड बायकांच्या बातम्या आल्या, विधिमंडळात आवाज उठला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. आरोग्य यंत्रणेनं बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची माहिती घेतली, आणि त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. ही आकडेवारी फार मोलाची आहे. तिच्यामुळे खासगी दवाखान्यांवर परवानगीची अट आली, हे काम नुसत्या कहाण्यांनी झालं नसतं. महिला किसान अधिकार मंचासारख्या संघटनांनी या बायकांचं आरोग्य, मजुरी आणि कर्ज एकत्र मांडलं, तेही तितकंच गरजेचं होतं.

पण त्या दोन-तीन वर्षांत एकाच बाईला दहा-दहा जणांनी विचारलं: पिशवी काढली का, कोणत्या वर्षी, कुठे, किती पैसे घेतले, मुकादमानं सांगितलं का. धारूरकडच्या एका वाडीत दुपारच्या वेळी, नीट ओळख झाल्यानंतर, एका बाईनं बोलायला सुरुवात केली ती थेट दवाखान्यापासून. तिला वाटलं, यालाही तेच हवं असणार. ते सांगून झालं आणि पुढे कुणी काही विचारलं नाही, तेव्हा ती थोडी थांबली. मग म्हणाली, ‘तसं आमी लै हसायचो बी फडात.’ आणि मग तिनं सांगितलं: लग्नानंतरचं पहिलं साल, जाऊ आणि ती एका वयाच्या, कोपीत रात्री घासलेटच्या चिमणीवर दोघींनी मिळून पाहिलेला एक फाटका आरसा, कोल्हापूरकडच्या एका मळेवाल्या आज्जीनं दर बाजारी पाठवलेलं ताक, मोळी उचलण्यात गड्यांशी लावलेली पैज, सातव्या महिन्यात फडातच गेलेलं पोर, दुसऱ्या पोराला साखरशाळेत नाव घालायला नवऱ्याशी धरलेला हट्ट. पिशवीचं ऑपरेशन त्या सगळ्याच्या मधे कुठेतरी होतं, आणि तिच्या सांगण्यात ते तिच्या कंबरेच्या दुखण्याएवढंच मोठं होतं. सर्वात जास्त वेळ ती बोलली लेकीच्या बारावीबद्दल. कुठल्याही तक्त्यात या बाईसाठी जागा नाही, कारण कुठल्याही तक्त्याला तिच्या हसण्याचं काही करायचं नव्हतं.

इथे कुणी म्हणेल, अन्यायाची चौकशी चालू असताना हसण्याच्या गोष्टी नोंदवून काय मिळणार? माझं उत्तर असं की तिनं स्वतः ते सांगायचं ठरवलं होतं, आणि जे तिनं सांगायचं ठरवलं ते गाळणं हा त्याच अन्यायाचा पुढचा भाग आहे. बळी म्हणून एकदा नोंद झालेली बाई पुढच्या प्रत्येक कागदात बळीच राहते. तिनं मुकादमाशी वाद घातला होता, तिनं बचत गटातून शेळी घेतली होती, तिनं पुढच्या साली एकटीनं जायला नकार दिला होता, हे मग कुणालाच कळत नाही.

तारखांच्या बाबतीतही अशीच घाई होते. बीडकडचा म्हातारा माणूस साल सांगत नाही. ‘सुकडी वाटत व्हते तव्हा’, ‘मिलोच्या भाकरी खाल्ल्या त्या साली’, ‘खडी फोडायला गेलो तव्हा ही पोटात’, ‘माजलगावचं धरण बांधत व्हते’ असं तो सांगतो. नोंदवणारा लगेच कंसात १९७२ लिहितो आणि कधीकधी चुकतो, कारण खडी फोडण्याचं काम रोजगार हमीत पुढेही कितीतरी वर्षं चाललं. इटलीतले मौखिक इतिहासाचे अभ्यासक अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांचा एक दाखला इथे उपयोगी पडतो. तेर्नी या पोलादाच्या गावात १९४९ साली नाटोविरोधी मोर्च्यात पोलिसांकडून एक तरुण कामगार मारला गेला. वीस-तीस वर्षांनी गावातले कामगार सांगत, तो १९५३च्या कामगार कपातीविरुद्धच्या लढ्यात मारला गेला. पोर्तेल्लींनी ही चूक दुरुस्त करून फेकून दिली नाही. गावाला त्याच्या मरणाचा अर्थ कपातीशी का जोडावासा वाटला, याचा त्यांनी शोध घेतला. आपल्याकडे रझाकारी, लेव्ही आणि पोलीस ॲक्शन एकाच वर्षात घडल्यासारखं सांगितलं जातं, आणि दुष्काळ तर कितीतरी जणांच्या सांगण्यात एकच मोठा दुष्काळ असतो. कागदाशी ताळा करून खरं साल टिपेत द्यावं, पण सांगणाऱ्याचं वाक्य तसंच ठेवावं.

भाषेचंही तसंच आहे. ‘व्हतं’चं ‘होतं’ केलं, ‘कव्हा’चं ‘कधी’ केलं की वाचायला सोपं होतं आणि सांगणारी बाई तिच्या जागेवरून उठून निघून जाते. तांड्यावर गोरमाटी बोलली जाते, मोहल्ल्यात दखनी, पारध्यांच्या पालावर पारधी. आज या कामात जे तरुण येतात त्यांच्यापैकी पुष्कळजण शहरी मराठीत विचारतात आणि बोलणारा आपोआप शाळेतल्या मराठीत उत्तर देऊ लागतो. त्या मराठीत त्याला फक्त अर्जच करता येतात. म्हणून जिल्ह्यात होणाऱ्या कुठल्याही नोंदीच्या कामात पहिला खर्च स्थानिक मुला-मुलींना तयार करण्यावर व्हावा, असं माझं ठाम मत आहे. मोबाइल आज प्रत्येकाकडे आहे आणि आवाज नीट येतो. अंबाजोगाई, माजलगाव, केज, आष्टीच्या महाविद्यालयांत मराठी आणि इतिहासाचे विभाग आहेत, तिथे दर वर्षी शेकडो विद्यार्थी प्रकल्प लिहितात आणि ते प्रकल्प गाइडवरून उतरवलेले असतात. त्या विद्यार्थ्यांच्या घरातच आजी आहे. तिला तिच्याच भाषेत तास-दीड तास बोलू द्यायचं, ते शब्दशः उतरवायचं, तिच्या संमतीनं ठेवायचं, एवढा बदल केला तरी पाच वर्षांत जिल्ह्याचा आवाज जमा होईल.

संमती हा इथला नाजूक भाग आहे. उचल डोक्यावर असलेली बाई मुकादमाबद्दल बोलली आणि तिचा आवाज गावात फिरला, तर पुढच्या साली तिला कुणी टोळीत घेणार नाही. लिंगनिदानाच्या गोष्टी तशाच. २०११ला सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८०७ मुली असलेल्या जिल्ह्यात प्रत्येक घराला काहीतरी ठाऊक आहे आणि सांगणाऱ्याला नातं तोडायचं नसतं. म्हणून आवाज दोन ठिकाणी ठेवावा: एक लोकांसाठी खुला, दुसरा सांगणाऱ्यानं सांगितलेल्या मुदतीपर्यंत बंद. आणि एक प्रत गावात परत गेली पाहिजे, ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या वाचनालयात, सांगणाऱ्याच्या नातवाच्या मोबाइलमध्ये. अमेरिकेत उत्तर कॅरोलायना विद्यापीठानं १९७३ पासून दक्षिणेतल्या गिरणी-गावांच्या मुलाखती घेतल्या, त्यातून गिरणी कामगारांच्या कुटुंबांवरचं एक उत्तम पुस्तक झालं, आणि त्या मुलाखती आज त्याच गावांची मुलं घरबसल्या ऐकतात. बीडमधून गेलेले आवाज बहुतेक वेळा परत आलेले नाहीत. ‘पारी’वर माजलगावच्या ओव्या मराठीत ऐकता येतात, म्हणूनच त्या वेगळ्या ठरतात.

कुणापासून सुरुवात करायची, हा प्रश्न वयानंच सोडवला आहे. पोलीस ॲक्शन पाहिलेले आधी, मग बहात्तरला खडी फोडलेल्या बाया, मग पहिल्या मोठ्या टोळ्यांबरोबर गेलेली जोडपी. धरणात बुडालेल्या गावांतली माणसंही आता म्हातारी झाली आहेत आणि त्यांच्या जुन्या गावातल्या गल्ल्या कुठल्या नकाशावर उरलेल्या नाहीत. ऊसतोडीतल्या माणसांकडे जायचं तर त्यांच्या पंचांगानं जावं लागेल. पाडव्याच्या पुढेमागे टोळ्या परततात, दसऱ्याच्या आधी मुकादम पुन्हा उचल वाटायला गावात येतो, मृगानंतर पेरणी आणि खुरपणी असते. बायकांना दुपारी ओसरीवर बसून, कुणी हाक मारणार नाही अशा निवांतपणे बोलता येतं ते वैशाखात आणि ज्येष्ठाच्या पहिल्या पंधरवड्यात, तेव्हा गावात जायची तयारी माघातच करून ठेवावी लागते.